न्यूमोनिया पुन्हा त्याच जागी? मुलाच्या श्वासनळीत डोकावून बघायची वेळ कधी येते

सातारा-सांगलीकडे लेकराला वरचेवर खोकला झाला की कारणं तयारच असतात. गळीत हंगाम सुरू झाला, शेजारच्या फडाचं पाचट पेटवलं, गुऱ्हाळाचा धूर आहे, तासगावकडे बेदाण्याच्या शेडमध्ये गंधक पेटतो, पाटणला पाऊस थांबत नाही, जत-आटपाडीला धूळ. यातलं काही खोटं नाही. धुरानं खोकला वाढतो, दमा असलेल्या मुलाला धाप लागते. पण धूर दोन्ही फुफ्फुसांत सारखाच जातो. न्यूमोनिया दर वेळी उजवीकडेच, खालच्याच भागात होत असेल, तर कारण हवेत सापडणार नाही. त्या भागाकडे जाणाऱ्या नळीत ते शोधावं लागतं.

पाटात मोठं ढेकूळ अडकलं की पुढचं वावर कोरडं राहतं आणि मागं पाणी तुंबतं. श्वासनळीची फांदी अडली की असंच होतं. त्या फांदीतला कफ बाहेर येत नाही, साचतो, त्यात जंतू वाढतात. अँटिबायोटिकनं जंतू मरतात, ताप उतरतो, पोरगं खेळायला लागतं. अडथळा मात्र तिथंच असतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांत तेच दुखणं पुन्हा येतं.

हा अडथळा बहुतेक वेळा गाठीचा नसतो. लहान मुलांत अडकलेला शेंगदाणा, टीबीनं सुजलेल्या लसिकाग्रंथींचा बाहेरून दाब, चिकट कफाचं बूच, जन्मतः अरुंद किंवा लिबलिबीत नळी ही कारणं कितीतरी जास्त आढळतात. श्वासनळीच्या आत उगवलेली गाठ (ट्यूमर) हे फार दुर्मिळ कारण आहे. तरीही ती लक्षात ठेवायची, कारण वेळेत सापडली तर यातल्या बहुतेक गाठी शस्त्रक्रियेनं पूर्ण निघतात. उशीर झाला तर अडलेला भाग आतून कुजत जातो, नळ्या कायमच्या फुगतात आणि मग गाठीबरोबर फुफ्फुसाचा चांगला होऊ शकला असता तो तुकडाही काढावा लागतो.

"परत परत" म्हणजे किती

एका वर्षात दोन किंवा त्याहून जास्त वेळा, किंवा आजवर एकूण तीन वेळा न्यूमोनिया झाला, आणि दोन आजारांच्या मधल्या काळात छातीचा फोटो (एक्स-रे) साफ होता, तर त्याला वारंवार होणारा न्यूमोनिया म्हणतात. व्याख्येतला शेवटचा भाग घरोघरी राहून जातो. फोटो आजारपणात काढला जातो, बरं झाल्यावर कुणी काढत नाही. मग तीन महिन्यांनी आलेला डाग नवा आहे की जुनाच कधी गेला नव्हता, हे कुणालाच सांगता येत नाही. कधीच न गेलेला डाग ही वेगळी आणि जास्त गंभीर गोष्ट आहे.

म्हणून पहिलं काम हे: एकाच बाजूला दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला, किंवा पहिल्याच फोटोत फुफ्फुसाचा भाग आक्रसलेला दिसला, तर औषध संपल्यावर ४ ते ६ आठवड्यांनी, मूल ठणठणीत असताना, एक फोटो काढून घ्या. "बरा झालाय की, आता कशाला," असं घरचेच म्हणतील. तरी काढा. छातीच्या एका साध्या फोटोतले किरण अगदी थोडे असतात.

वही आणि फोटो

एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक आजाराला एक पान. तारीख, ताप किती दिवस, खोकला कोरडा की ओला, डॉक्टरांनी कोणत्या बाजूला आवाज कमी ऐकू येतो असं सांगितलं, औषधाचं नाव, मात्रा आणि किती दिवस दिलं, पंप किंवा वाफेनं फरक पडला का, फोटोत डाग कुठे होता. दर महिन्याचं वजनही लिहा. अंगणवाडीत वजनकाटा असतोच. पूर्वी झालेल्या आजारांचे जुने कागद शोधून तीही पानं भरा. तज्ज्ञ डॉक्टरांना ही वही दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगते, कारण घाबरलेल्या आई-बापाला बाजू आठवत नाही.

फोटोच्या अहवालात बघायचे शब्द थोडेच आहेत. उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन. राइट लोअर लोब, राइट मिडल लोब, लेफ्ट अपर लोब असं लिहिलेलं असतं; तेच नाव पुन्हा येतं का ते बघा. कन्सॉलिडेशन म्हणजे तो भाग कफ-पुवानं भरलाय. कोलॅप्स म्हणजे हवा न पोचल्यानं तो आक्रसलाय. हायपरइन्फ्लेशन म्हणजे हवा आत जाते पण बाहेर पडत नाही, म्हणून भाग फुगलाय. एकाच बाजूचा कोलॅप्स किंवा एकाच बाजूचं फुगणं हे नळी अडल्याचं लक्षण धरून चला. अर्धवट अडथळ्यात पूर्ण श्वास घेतलेला फोटो अगदी नीट दिसू शकतो. श्वास सोडताना काढलेल्या फोटोत मात्र ती बाजू फुगलेलीच राहते. असा दुसरा फोटो काढायचा का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. फोटो साफ आला म्हणजे नळी मोकळी आहे, असं मात्र समजू नका.

फिल्म घडी घालून पिशवीत कोंबू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर कॉम्प्युटरच्या पांढऱ्या स्क्रीनवर किंवा दिवसा खिडकीच्या काचेवर धरा, फ्लॅश बंद ठेवा, चारही कडा, मुलाचं नाव आणि डावी-उजवी दाखवणारी खूण आली पाहिजे. खूण कापली गेली की बाजू उलटी वाचली जाऊ शकते. सीटी स्कॅन झाला तर केवळ फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात ती पूर्ण उघडून बघता येते आणि तोच स्कॅन दुसऱ्यांदा करावा लागत नाही.

तीन लेबलं, ज्यांच्याखाली गाठ लपते

पहिलं लेबल दम्याचं, आपल्याकडचा "बाळदमा". नळी अरुंद झाली की शिट्टीसारखा आवाज येतोच, मग ती दम्यानं झाली असो वा गाठीनं. फरक असा: दम्यात आवाज दोन्ही बाजूंना असतो, कमीजास्त होतो आणि साल्ब्युटामॉलच्या पंपानं पंधरा-वीस मिनिटांत हलका होतो. गाठीचा आवाज एकाच जागी, दर वेळी तिथंच ऐकू येतो आणि पंपानं तसूभर हलत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: "शिट्टी दोन्हीकडे आहे की एकाच बाजूला?" पंप नीट दिला जातोय याची आधी खात्री करा, स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) लावून, एका वेळी एकच पफ, त्यानंतर पाच-सहा श्वास. चुकीच्या पद्धतीनं दिलेला पंप लागू पडला नाही, यावरून काहीच ठरत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आठ दिवस बरं वाटलं, हाही दम्याचा पुरावा नाही. गाठीभोवतीची सूज स्टेरॉइडनं उतरते आणि तेवढ्यापुरती वाट मोकळी होते.

दुसरं लेबल टीबीचं. टीबी इथं खरोखर आहे, त्यामुळे तो तपासायलाच हवा, पण नमुना घेऊन. लहान मूल बेडका काढत नाही, गिळतं. म्हणून पहाटे उपाशीपोटी नाकातून बारीक नळी घालून पोटातला स्राव घेतात आणि त्याची सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी, तपासणी करतात. सरकारी रुग्णालयात ही तपासणी आणि टीबीची औषधं मोफत आहेत. मांटू, म्हणजे टीबीसाठी कातडीवर करतात ती चाचणी, उमटली म्हणजे जंतूंशी संबंध आला होता एवढंच कळतं. नमुना न घेताच औषध सुरू झालं असेल आणि दोन महिने नियमित देऊनही त्याच जागचा कोलॅप्स तसाच असेल, तर निदान पुन्हा तपासायला सांगा. उपचार मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

तिसरं, अडकलेला दाणा. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका, सीताफळाची बी, मक्याचा दाणा, पेनाचं टोपण, खेळण्यातली शिट्टी किंवा बारीक एलईडी दिवा. यातलं खाण्याचं काहीच फोटोत दिसत नाही. आजी-आजोबा, थोरली भावंडं, शेतावर मूल सांभाळणारी बाई, सगळ्यांना विचारा: खाताना एकदम ठसका लागून निळं पडलं होतं का? सहा महिन्यांपूर्वीचा ठसकाही महत्त्वाचा आहे. आणि कुणालाच आठवत नसलं तरी शंका सोडू नका. जुन्या दाण्याभोवती मांस वाढतं आणि ते श्वासनळीत घालायच्या दुर्बिणीत (ब्रॉन्कोस्कोपीत) गाठीसारखंच दिसतं, म्हणून दोन्हींचा उलगडा एकाच तपासणीत होतो.

खोकल्यातून रक्त आलं तर आधी नाक आणि हिरड्या बघा. तिथं काही नसेल आणि रक्त लाल, फेसाळ, खोकल्याबरोबर आलं असेल, तर मोबाइलवर त्या रक्ताचा फोटो काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लहान मुलं रक्त गिळतात आणि नंतर उलटीतून टाकतात, हेही ध्यानात असू द्या. एकाच बाजूचा न्यूमोनिया आणि खोकल्यातून रक्त हे दोन्ही असतील तर पुढच्या आजाराची वाट बघायची नाही.

रात्री-अपरात्री थांबायचं नाही ते केव्हा

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. २ महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त हा वेगवान श्वास. पोट उडतंय, बरगड्यांखाली खळगा पडतोय, ओठ निळसर आहेत, मूल अंगावर पीत नाही किंवा गुंगीत आहे, बोटाच्या मशिनवर ऑक्सिजन ९२ किंवा त्याखाली आहे, यातलं एक जरी असलं तरी १०८ ला फोन करा. नखाला मेंदी किंवा रंग असेल तर मशीन चुकीचा आकडा दाखवू शकतं. दुसरं बोट लावा.

कुठे जायचं आणि काय विचारायचं

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडूनच करा, वही घेऊन. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथून पुढची वाट निघते. मूल अंगणवाडीत किंवा शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही दाखवा. संदर्भपत्र तिथून मिळतं. कराड-मिरजेत वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि पुणं साताऱ्याहून सुमारे ११० किलोमीटर, त्यामुळे अंतरापेक्षा सोय बघून ठिकाण निवडा.

लेकराला घेऊन निघण्याआधी फोनवर एवढं विचारा: मुलांच्या मापाची सरळ, म्हणजे रिजिड दुर्बीण आहे का? लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर आणि मुलांचं आयसीयू आहे का? रक्तस्राव झाला तर छातीची शस्त्रक्रिया त्याच इमारतीत होऊ शकते का? तिन्हींचं उत्तर "हो" असेल तिथंच दुर्बीण करायची. हा आग्रह का, ते पुढे येईल.

सीटी स्कॅन

शक्यतो संसर्ग उतरल्यावर करतात. ऐन न्यूमोनियात कफ आणि पू यांनी सगळंच पांढरं दिसतं आणि त्यात बारीक गाठ बुडून जाते. शिरेतून औषध देऊन केलेला स्कॅन मागा, कारण कफाचं बूच त्या औषधानं उजळत नाही आणि कार्सिनॉइड या प्रकारची, रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ बहुधा ठळक उजळते. त्याआधी मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. सीटीतले किरण साध्या फोटोच्या कितीतरी पट असतात, तेव्हा लहान मुलाची मात्रा लावून, एकदाच आणि नीट केलेला बरा.

दुर्बीण: तयारी आणि धोके

नाकातून जाणारी लवचिक दुर्बीण बघायला आणि नळी धुऊन नमुना घ्यायला चांगली. भूल देऊन तोंडातून घातली जाणारी सरळ दुर्बीण दाणा काढायला, गाठीचा तुकडा घ्यायला आणि रक्त आलं तर आवरायला जास्त भरवशाची.

आदल्या दिवशी हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठण्याची चाचणी आणि रक्तगट झालेला असतो. जेवण आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, अंगावरचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. भूलतज्ज्ञ वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका. पोर रडतंय म्हणून कुणीतरी हळूच बिस्कीट देतं आणि तिथंच घोळ होतो: भुलेत उलटी झाली तर ती थेट फुफ्फुसात जाते. बिस्कीट दिलं गेलंच, तर लपवू नका, सांगा, वेळ पुढे ढकलतील. हलणारा दुधाचा दात असेल तर आवर्जून दाखवा. सरळ दुर्बिणीच्या धक्क्यानं तो निसटून श्वासनळीत जाऊ शकतो.

आत गुळगुळीत, लालसर गाठ दिसली तर घाईनं तुकडा तोडायचा नसतो. कार्सिनॉइडला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि लहान मुलाची नळी इतकी अरुंद, की थोड्या रक्तानंही ती भरते. वरचे तीन प्रश्न याच्यासाठी. काही वेळा अनुभवी डॉक्टर तुकडा न घेताच बाहेर येतात आणि पूर्ण तयारीनं पुन्हा जातात. तो निर्णय शहाणपणाचा असतो, "काम अर्धवट केलं" म्हणून भांडू नका.

तुकडा घेतला तर त्याच्या दोन बाटल्या हव्यात. एक १० टक्के फॉर्मेलिनची, तुकड्याच्या दहापट द्रव असलेली, पॅथॉलॉजीसाठी. दुसरी निर्जंतुक सलाइनची, टीबीच्या तपासणीसाठी. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, होत नाही. बाटली नातेवाइकांच्या हाती देऊन लॅबला पाठवली जाते तेव्हा कोणत्या बाटलीत काय आहे, हे विचारून मगच निघा. फक्त सलाइनमध्ये राहिलेला तुकडा पॅथॉलॉजीसाठी खराब होतो, आणि मुलाला पुन्हा भूल द्यावी लागते.

घसा बधिर केला असेल तर नंतर साधारण दोन तास खायला-प्यायला देत नाहीत. नळी धुतल्यावर त्या रात्री थोडा ताप, एखादा दिवस कफात रक्ताची रेघ हे चालतं. ताजं रक्त किंवा धाप चालत नाही, लगेच सांगा.

अहवालात काय नाव येऊ शकतं

कार्सिनॉइड आणि म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा या दोन गाठी साधारण शाळकरी आणि किशोरवयीन मुलांत सापडतात. नावात कर्करोग आला की घर कोसळतं. इथं थांबून पुढचा शब्द वाचा: टिपिकल कार्सिनॉइड किंवा लो ग्रेड म्युकोएपिडर्मॉइड असेल आणि गाठ पूर्ण निघाली, तर मुलं सहसा चांगली राहतात आणि केमोथेरपीची बहुधा गरज पडत नाही. इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर या गाठीत एएलके नावाची तपासणी जरूर करून घ्या. ती पॉझिटिव्ह असेल आणि गाठ काढण्याजोगी नसेल तर क्रिझोटिनिबसारखं नेमकं औषध आहे.

त्याहून लहान मुलांत चित्र वेगळं. काही आठवड्यांच्या बाळाला श्वास घेताना घर्र आवाज आणि पुन्हा पुन्हा "क्रूप" (भुंकल्यासारखा खोकला) होत असेल तर स्वरयंत्राखालचा हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, असू शकतो. त्यावर प्रोप्रॅनोलॉल लागू पडतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू करायचं. आवाज बसतच चाललाय आणि धापही वाढतेय, तर पॅपिलोमा (चामखिळीसारखी वाढ) असू शकतो. तो एचपीव्ही ६ आणि ११ या विषाणूंमुळे होतो आणि पुन्हा पुन्हा काढावा लागतो.

पॅथॉलॉजीचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि काचपट्ट्या मागून सांभाळा. या गाठी इतक्या क्वचित दिसतात की दुसऱ्या अनुभवी नजरेखालून जाणं चांगलं. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या काचपट्ट्या तपासून अभिप्राय दिला जातो.

शस्त्रक्रिया, योजना आणि पुढची वर्षं

दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली म्हणजे झालं, असं सहसा नसतं. आत दिसतो तो भाग लहान आणि नळीच्या भिंतीत, पलीकडे तिचा मोठा हिस्सा, असं पुष्कळदा असतं. म्हणून नळीचा तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडतात, त्याला स्लीव्ह शस्त्रक्रिया म्हणतात, आणि शेजारच्या लसिकाग्रंथीही तपासतात. फुफ्फुसाचा जास्तीत जास्त भाग कसा वाचेल, हे शस्त्रक्रियेआधी विचारा. अडलेला भाग आतून फार खराब झाला असेल तर लोब काढावा लागतो. उरलेल्या फुफ्फुसावर मूल शाळेत जातं, खेळतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा, आणि ही शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते ते दाखल होण्याआधी विचारा. अडचण बहुधा कागदांची येते: रेशनकार्डावर मुलाचं नाव चढवलेलं नसतं, किंवा आधार आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळत नाही. तपासण्या चालू असतानाच हे दुरुस्त करायला टाका. मंजुरी शस्त्रक्रियेआधी लागते, नंतर मिळत नाही.

घरी आल्यावर फुंकरीचे व्यायाम, साबणाचे बुडबुडे किंवा स्पायरोमीटरचे गोळे, दिवसातून चार-पाच वेळा. टाक्यांच्या बाजूला मूल वाकून बसतं, त्याला सरळ बसवा. न्यूमोकोकलचे डोस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वेळी सरकारी लसीकरणात मिळालेत का ते बघा; राहिले असतील तर डॉक्टरांना विचारून भरून काढा, आणि दरवर्षी फ्लूची लस. चुलीजवळ, पाचट जळतं तिथं आणि विडी ओढणाऱ्यांच्या खोलीत त्याला नेऊ नका.

कार्सिनॉइड बऱ्याच वर्षांनी परत उगवू शकतो, म्हणून तपासणीच्या तारखा दहा वर्षं किंवा त्याहून पुढेही चालतात. मूल अठरा पार करून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाईल तेव्हा ती वही, सीटीची सीडी, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि शस्त्रक्रियेचा कागद एकाच फायलीत त्याच्या स्वतःच्या हाती द्या, आणि मोबाइलमध्येही त्यांचे फोटो काढून ठेवायला सांगा.